शिलाजिताचा डबा

साखरेच्या यंत्रावर आकडा आला एकोणीस पूर्णांक दोन. मी बोट पुसलं, शेजारच्या बोटाला सुई टोचली आणि पुन्हा एक थेंब काढून पट्टीला लावला. एकोणीस पूर्णांक पाच. आमच्याकडच्या मोजणीत सहा-सात आला की माझा दिवस सरळ जातो, दहा आला की मी दिवसभर स्वतःवर चिडत राहते, आणि एकोणीस मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, बाराव्या वर्षी, तोही बेशुद्धीतून उठल्यावर डॉक्टरांच्या तोंडून. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्याच्या टोकाला धुण्याची खोली आहे, तिथे मी पालथ्या बादलीवर बसले होते. तिथला दिवा मी आले त्याच वर्षी नोव्हेंबरात गेला तो गेलाच. कोणी नवा लावला नाही आणि मीही कधी तक्रार केली नाही, कारण अंधारात कोणी उगाच रेंगाळत नाही. रोज सकाळी मी टॉवेलात यंत्र आणि इन्सुलिनची दोन पेनं गुंडाळून इथे येते. यंत्राचा आकडा त्याच्याच उजेडात दिसतो. पेनाचं टोक फिरवलं की टक टक वाजतं, तेवढे आवाज मोजले की मात्रा झाली. बघावं लागतच नाही. दोन वर्षं मी हे असं करत आले आणि या हुशारीचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकते. आज मी नेहमीपेक्षा चार आवाज जास्त मोजले, पोटाला सुई लावली, दहापर्यंत आकडे म्हटले, आणि बाहेरच्या नळाला तोंड लावून इतकं पाणी प्याले की दात ठणकायला लागले.

असा आकडा आला की मी आधी स्वतःला पकडते. काय खाल्लंस, कुठे चुकलीस, कोणाचं मन मोडवलं नाही म्हणून काय तोंडात घातलंस? आमच्याकडचे डॉक्टर सगळं भाकरीच्या मापात शिकवतात. नानचा एक तळहाताएवढा तुकडा म्हणजे एक माप, एक सफरचंद एक माप, दोन डाव भात दोन मापं. बाराव्या वर्षी मला ती मापं पाठ करायला लावली, तेव्हा मला वाटायचं, जिच्या घरी भाकरीचा कण जमिनीवर पडला तरी उचलून कपाळाला लावतात, तिलाच देवाने भाकरी मोजायला बसवलं. काल रविवार. सकाळी लापशी, दोन मापं. दुपारी बाक्तीगुलने केलेलं मांसाचं सूप आणि अर्धा तुकडा नान. रात्री काहीच नाही, कारण सकाळी बारा, दुपारी चौदा आणि संध्याकाळी सोळा आला होता आणि मी घाबरून जेवलेच नव्हते. मग एकोणीस कुठून? न जेवता साखर वाढते हे मला ठाऊक होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध कमी पडलं की शरीर स्वतःलाच खायला लागतं. पण औषध कमी कसं पडेल? मी रोजच्याइतकं घेतलं होतं. रोजच्यापेक्षा जास्त घेतलं होतं. परीक्षेची धास्ती, मी ठरवलं. धास्तीने वाढते म्हणतात. हे कारण मला फार सोयीचं होतं, कारण त्यात दुसरं कोणाला काही सांगावं लागत नव्हतं.

खोलीत बाक्तीगुल खिडकीशी उभी राहून केस विंचरत होती. ती आत-बाशीची. त्यांच्या गावात सहा महिने बर्फ असतं आणि त्याचा तिला असा ताठा की जणू ते तिच्या वडिलांनीच आणून टाकलंय. दोन वर्षं आम्ही एका खोलीत आहोत. तिचा आवाज मोठा, हात मोठे, मनही तसंच. घरून घोड्याचं मांस आलं की पहिला तुकडा माझ्या ताटात, आणि मी ‘पुरे’ म्हटलं की ती नेहमीचं सुरू करते.

“किती वेळ लावतेस गं धुवायला? तुम्ही दक्षिणेकडच्या मुली आंघोळ करता की समाधी लावता?”

“परीक्षा आहे ना. पोटात गोळा आलाय.”

“मग खा काहीतरी. रिकाम्या पोटी गोळा मोठा होतो. हे घे, लोणी, नान, जर्दाळूचा मुरंबा. तुझ्याच आईने पाठवलाय आणि तूच हात लावत नाहीस. तुझी आई मला शिव्या देत असेल, की ही उत्तरेची घोडी माझ्या पोरीचं सगळं खाते.”

“तूच खा. मला चहा दे.”

“नुसता? बिनसाखरेचा?” ती मान हलवत चहा ओतायला लागली. “लग्नाआधी तू हवेवर जगायला शिकणार. सासूला सोयीचं.”

मी तीन वाट्या चहा प्याले आणि चौथी मागितली. तिने वाटी भरली आणि माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. मी पुस्तकात डोकं घातलं. अक्षरांच्या कडा पसरल्या होत्या. साखर वाढली की डोळ्यांवर असा पडदा येतो, हे मला माहीत होतं, पण मी दिव्याला नावं ठेवली.

माझं गाव बातकेनच्या बाजूला आहे, जर्दाळूच्या बागांमध्ये. मला हा आजार झाल्याचं कळलं त्या वर्षी शाळेतल्या बाईंनी मला खिडकीजवळच्या बाकावर एकटं बसवलं. काही वाईट मनाने नाही, त्यांना वाटलं हे लागतं. मुलं मला ‘साखरकांडी’ म्हणायला लागली, त्याचं मला काही वाटलं नाही. मग एकदा शेजारची म्हातारी आमच्या अंगणात बसून आईला म्हणाली, “थोरलीचं कळलं की धाकटीलाही कोणी मागणी घालणार नाही, रक्तातच आहे म्हणतील.” आईने म्हातारीला चहा दिला, नान मोडून पुढे ठेवला, तिला फाटकापर्यंत पोचवलं. मग आत येऊन मला जवळ घेतलं आणि इतकं घट्ट धरलं की मला दुखलं. बिश्केकला निघाले त्या सकाळीही तिने मला तसंच धरलं होतं. म्हणाली, “कुनदूस, तिथे तुला कोणी ओळखत नाही. देवाने कोरी पाटी दिलीय. तीवर हे लिहू नकोस. औषध वेळेवर घे, पण कोणाला दाखवू नकोस.” मग तिने सकाळी भाजलेला नान माझ्यापुढे धरला. लांब जाणाऱ्या माणसाने नानला चावा घ्यायचा आणि उरलेला घरच्यांनी भिंतीला टांगून ठेवायचा, परत येऊन तो त्याच माणसाने संपवायचा, असं आमच्यात आहे. मी चावा घेतला आणि सवयीने मनात म्हटलं, पाव माप. आईने तो फडक्यात बांधून आजोबांच्या फोटोशेजारी टांगला. सुट्टीत घरी गेले की तो आम्ही चहात बुडवून खातो आणि निघताना नवा. या वेळी सप्टेंबरपासून तो तिथे आहे. आई फोनवर सांगते, तुझा नान वाळून खडखडीत झालाय, लवकर ये.

आणि औषध, जे कोणाला दाखवायचं नाही, त्याला गारवा लागतो. पहिल्याच आठवड्यात प्रश्न आला. मजल्यावर सगळ्यांचा मिळून एक फ्रिज, व्यवस्थापक तुर्सुन एजेंच्या, म्हणजे ताईंच्या, ताब्यातला, रस्सीने दार बांधलेला, आणि त्यात बत्तीस मुलींची लोणी, दुधं, डबे. मी हिरव्या चहाचा पत्र्याचा डबा घेतला, त्यात महिन्याच्या कुप्या रुमालात गुंडाळून ठेवल्या, झाकण चिकटपट्टीने बंद केलं. बाक्तीगुलने विचारलं, यात काय? माझ्या तोंडून निघालं, “शिलाजीत. आजोबांनी डोंगरातून काढलेलं. पाठीसाठी घेते मी.” शिलाजीत आमच्या देशात घराघरात असतं, कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. पण बाक्तीगुल बाक्तीगुलच. “शिलाजीत फ्रिजमध्ये?” मी म्हटलं, “हे वेगळं आहे. हे गार राहिलं पाहिजे. जितकं गार तितकं चांगलं.” ते शेवटचं वाक्य मला का सुचलं कोण जाणे. खोटं बोलताना माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतं.

परीक्षेची इमारत अंगणापलीकडे आहे, पाच मिनिटांची वाट. बाहेर उणे अठरा होतं आणि नाकातला श्वास कडकडत होता, तरी माझं अंग तापलेल्या तव्यावर धरल्यासारखं कोरडं. पाय जड होते. मी कालवे आणि पाटबंधारे शिकते. आमच्या गावात वरच्या वाडीने पाटाचं दार बंद केलं की खालच्या वाडीत भांडणं होतात, त्यामुळे मला लहानपणापासून वाटायचं, पाणी कोणाला किती द्यायचं हे ठरवणारं माणूस व्हावं. रांगेत उभी असताना मी पिशवीतली बाटली संपवली, संडासात जाऊन आले, बाटली पुन्हा भरली, पुन्हा संपवली. माझ्या पुढच्या मुलीने चेहरा मागे घेतला. माझ्या तोंडाला वास येत असावा. तो वास मी ओळखत होते. तळघरात विसरलेल्या सफरचंदांना येतो तो. बाराव्या वर्षी आईने तो माझ्या अंगाला हुंगला होता आणि तिला वाटलं होतं मी चोरून सफरचंदं खाल्ली. परत फिर, मी स्वतःला म्हटलं. कुठे? काय सांगून? रांग पुढे सरकली आणि मी रांगेबरोबर सरकले.

तोंडी परीक्षा, टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालथ्या ठेवलेल्या. मी सतरावी उचलली. पाटाच्या मुखाशी गाळ का साचतो आणि तो कसा काढावा. हे मला झोपेत विचारलं तरी येतं. परीक्षा घेणारे आगाय, म्हणजे आमचे सर, जाड चष्म्याचे, शांत गृहस्थ, मुलं त्यांना मनापासून मानतात. मी बोलायला लागले आणि जीभ टाळूला चिकटली. मी बाटली काढून प्याले. दोन वाक्यं बोलले, पुन्हा प्याले. मागे कोणीतरी हसलं.

“काय गं,” आगाय म्हणाले, “पाट कोरडा पडलाय की काय तुझा?”

“नाही, आगाय. बरं नाही वाटत.”

“काय होतंय?”

किती साधा प्रश्न होता. माणसं रोज एकमेकांना विचारतात. माझ्याकडे त्याचं उत्तर दोन शब्दांचं होतं आणि ते दोन शब्द ओठांपर्यंत आलेही, पण मला अंगणात बसलेली ती म्हातारी दिसली, आईने मोडून तिच्यापुढे ठेवलेला नान दिसला. मी म्हटलं, “सर्दी झालीय.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, “सर्दीने माणूस इतका श्वास ओढत नाही. जा, झोप. मी तुला पाचपैकी तीन गुण लिहितो. बरी झालीस की ये, पाच करू.” मी खाली बघितलं तेव्हा माझी छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि मला ते आतापर्यंत कळलंच नव्हतं.

अंगण ओलांडायला किती वेळ लागला सांगता येत नाही. मध्ये एका बाकावर बसले, बर्फासकट. मला आठवतं की मला राग आला होता, कोणावर ते कळत नव्हतं. म्हणून मग तो मी चौथ्या मजल्यावरच्या परिझातवर काढला. ती समोरून येत होती, लाल कोट, कानात मोठाली कर्णफुलं, कोणाशी तरी फोनवर हसत. नवीन वर्षाच्या रात्री ती सगळ्यांत जास्त नाचली होती, मधाच्या केकचा तुकडा बशीत घेऊन ऐटीत खोलीबाहेर गेली होती, आणि मी कोपऱ्यात गार चहाची वाटी धरून तिच्याकडे बघत होते. काही लोकांना देव सगळंच देतो, मला तेव्हा वाटलं होतं. आत्ताही वाटलं. ती माझ्याजवळ क्षणभर थबकली, नाक किंचित वर केल्यासारखं केलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी मान वळवली. वास आला असणार, मी मनात म्हटलं, आणि आणखी चिडले.

खोलीत आले तेव्हा बाक्तीगुल स्टुलावर चढून खिडकीच्या वरच्या झडपेतून अर्धी बाहेर लोंबकळत होती. दोरीने वर ओढून तिने जाळीची पिशवी आत घेतली. मांस, लोण्याची वीट, दुधाची थाळी, सगळं धाडधाड टेबलावर पडलं. दुधाला वर काडी खोचलेली होती, त्यांच्याकडे दूध असंच गोठवून ठेवतात.

“आलीस? कशी झाली? थांब, सूप टाकते. बघ, दगड झालाय नुसता. ती तुर्सुन एजे भांडकुदळ असली तरी बोलते ते खरं. बुधवारी फ्रिज बंद करताना म्हणाली, बाहेर देवाने एवढा मोठा फ्रिज उघडा ठेवलाय आणि तुम्ही माझी वीज जाळताय. सगळ्यांचे डबे जमिनीवर मांडून ठेवले होते तिने. नशीब, मी होते. तू त्या दिवशी ग्रंथालयात.”

मी कॉटवर बसले होते. तिचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येत होता. बुधवारी फ्रिज बंद झाल्याचं मला शुक्रवारी कळलं होतं. मी डबा मागितला तेव्हा तिने तो खिडकीच्या आतल्या फळीवरून उचलून माझ्या हातात दिला होता, म्हणाली होती, गारच ठेवलाय हं. तो हाताला छान गार लागला आणि मला तिचे हात धरावेसे वाटले होते.

“बाक्ती,” मी म्हटलं, “माझा डबा. शुक्रवारपर्यंत कुठे होता?”

“कुठे म्हणजे? याच पिशवीत. दोन रात्री बाहेर होता. जितकं गार तितकं चांगलं, तूच म्हणाली होतीस ना? शुक्रवारी पिशवी आत घेतली तेव्हा आत काहीतरी काचेसारखं खुळखुळत होतं, म्हटलं, झालं, तुझं शिलाजीत आता शंभर वर्षं टिकेल.”

मी टॉवेल उलगडला. जास्त वेळ काम करणाऱ्या औषधाचं पेन खिडकीसमोर धरलं. दोन दिवसांत पहिल्यांदा मी त्याच्याकडे उजेडात बघितलं. हलवलं की ते दुधासारखं एकसारखं व्हायला पाहिजे. यात पांढरे कण तरंगत होते आणि काचेच्या आतल्या बाजूला खिडकीवर धरतं तसं दव धरलं होतं. दुसऱ्या पेनातलं स्वच्छ दिसत होतं, पण एकदा गोठलं की ते पाणीच, हे डॉक्टरांनी मला बाराव्या वर्षी तीनदा म्हणायला लावलं होतं. शनिवारी संध्याकाळी दोन्ही पेनांत नव्या कुप्या घातल्या, अंधारात, बोटांनी. म्हणजे शनिवारपासून मी पोटात पाणी टोचत होते आणि टक टक आवाज मोजत होते. डब्यातल्या उरलेल्या चारही कुप्या तशाच. आई पुढचा डबा गाडीवाल्याबरोबर पाठवणार होती, पण घाटात बर्फाचा कडा कोसळून रस्ता दोन दिवस बंद होता आणि गाडीवाला पलीकडे अडकला होता.

हे सगळं कळल्यावर माणूस ओरडेल असं वाटतं. मी कोट घातला. बाक्तीगुल म्हणाली, “कुठे निघालीस, रंग बघ आरशात.” मी म्हटलं, “जरा दुकानात जाऊन येते.” इतका वेळ मरणाची भीती अशी वाटली नव्हती, ती आत्ता जिन्याच्या पहिल्या पायरीवर वाटली, आणि तरीही मी मनात जुळवत होते: कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, तिथे मागेन, मिळालं तर घेईन, नाहीच मिळालं तर दवाखान्याची गाडी बोलावेन, पण रस्त्यावर, इथे नाही, इथे बत्तीस मुली आहेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठडा धरून खाली बसले आणि सकाळपासूनचं सगळं पाणी पायऱ्यांवर ओकले.

तुर्सुन एजे खालून बादली घेऊन वर येत होत्या. वसतिगृहाच्या व्यवस्थापक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, वीस वर्षं इथेच. त्यांनी पायऱ्या बघितल्या, मला बघितलं, बादली खाली ठेवली.

“तिसऱ्या मजल्यावरची पोर ओकायला लागली की मला पंचांग बघावं लागत नाही,” त्या म्हणाल्या. “कोणाचंय?”

“काय?”

“भोळेपणा नको. मुलगा इथलाच आहे का? आईला कळलंय?”

वरून दारं उघडल्याचे आवाज आले. चपला वाजल्या. कठड्यावरून दोन, मग पाच, मग बऱ्याच मुली वाकून बघायला लागल्या, आणि बाक्तीगुल पायऱ्या उतरून धावत आली. मला हसू आलं. खरंच आलं. दोन वर्षं मी एक गोष्ट लपवली होती आणि तिच्या जागी लोकांनी दुसरी ठेवून घेतली होती, तयारच होती त्यांच्याकडे. आई, तू म्हणालीस पाटी कोरी आहे. पाटी कोरी ठेवली की जो येतो तो आपल्या मनाचं लिहितो. श्वास दोन शब्दांपुरताही पुरत नव्हता, म्हणून मी एकेक शब्द वेगळा बोलले.

“मला मधुमेह आहे. बाराव्या वर्षापासून. इन्सुलिन घेते. डब्यात तेच होतं, बाक्ती. शिलाजीत नव्हतं. ते गोठलं.”

बाक्तीगुल माझ्यासमोर उकिडवी बसली. तिच्या एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर काही ठरेचना. मग ती अगदी हळू म्हणाली, “मी टांगलं बाहेर.” आणि थोड्या वेळाने, “तू दोन वर्षं माझ्या हातचं खातेस, आणि मला एवढं सांगितलं नाहीस?” त्यात राग होता आणि तो मला हवा होता, कारण मला तोवर कोणी याबद्दल रागावलंच नव्हतं, फक्त रडलं होतं.

“भांडण नंतर,” तुर्सुन एजे म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी स्वतःची शाल काढून माझ्याभोवती घातली आणि खिशातून फोन काढला. “हॅलो. मुलगी आहे, एकोणीस वर्षांची, साखरेची, औषध संपलंय, श्वास ओढतेय. हो, जागी आहे. किती? अर्धा तास? रस्त्यावर बर्फ आहे ते मलाही दिसतंय, चालत या, पण या.” फोन कानालाच धरून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “फ्रिज मीच बंद केला ना.”

बाक्तीगुल उठली होती. तिने पहिलं दार ठोकलं तेव्हा मला कळलं ती काय करतेय, आणि मला तिचे पाय धरावेसे वाटले, नको म्हणून. तिचा आवाज डोंगरात मेंढ्या हाकणाऱ्याचा. “इन्सुलिन आहे का कोणाकडे? माझ्या मैत्रिणीला साखरेचा आजार आहे. तिसऱ्या मजल्याची कुनदूस. इन्सुलिन आहे का?” दुसरा मजला झाला. तिसरा झाला. माझं नाव आणि माझ्या आजाराचं नाव जोडीने दार ठोठावत वर वर चाललं होतं, आणि प्रत्येक दारामागे ते ऐकणारं कोणीतरी होतं, आणि त्यांतल्या एखादीचा मावसभाऊ बातकेनला असणारच. मी डोकं भिंतीला टेकवलं. भिंत गार होती. मला धाकट्या बहिणीची माफी मागायची होती. चौथ्या मजल्यावर आवाज थांबला. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही, मग उंच टाचांचा आवाज, पायरीपायरीने खाली येणारा.

परिझात होती. कर्णफुलं तशीच. तिच्या हातात एक जाड लोकरीचा मोजा होता. कठड्याशी उभ्या असलेल्या मुलींनी तिला वाट दिली आणि ती त्यांच्याकडे न बघता माझ्यासमोर येऊन पायरीवर बसली. मोज्यात हात घालून तिने पेन काढलं.

“मगाशी अंगणात वास आला तुझा,” ती म्हणाली. “मला कळलं होतं. थांबायला हवं होतं मी. थांबले असते तर तू विचारलं असतंस ना, तुला कसं कळलं.”

“केक?” मी विचारलं. मलाच कळलं नाही तो प्रश्न का निघाला.

“कसला केक? तो होय. संडासात टाकला मी. कायमच टाकते.” तिने नवी सुई लावली. “किती घेतेस?”

मी आकडा सांगितला. तिने पेन उजेडाकडे धरलं, आतलं औषध बघितलं, मलाही दाखवलं, आणि टक टक आवाज करत टोक फिरवलं. मी सदरा वर केला. पोटावरचे निळे ठिपके जिन्यात उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसले असतील. कोणीतरी वरून विचारलं, “दुखतं का?” परिझात म्हणाली, “खाली ये, तुलाही टोचते, मग कळेल.” पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

गाडी आली तेव्हा मी अर्धवट होते. पांढऱ्या कोटातल्या बाईने पट्टी लावून आकडा बघितला, सव्वीस, आणि एका मुलीला सलाईनची पिशवी वर धरायला सांगितली. म्हणाली, वेळेत बोलावलंत, रात्रीवर टाकलं असतं तर कठीण होतं, आता हिला चार-पाच दिवस तरी सोडणार नाही. मला स्ट्रेचरवर घातलं. दाराशी पोचलो तोच मागून बाक्तीगुल ओरडली, “थांबा, थांबा”, आणि धापा टाकत आली. तिच्या हातात सकाळचा नान होता. ती तो माझ्या तोंडाशी धरायला लागली.

“वेड लागलंय का तुम्हाला?” ती बाई म्हणाली. “सव्वीस साखर आहे आणि भाकरी भरवताय?”

“गिळणार नाही ती,” बाक्तीगुल म्हणाली. ती रडत होती आणि तरी तिचा आवाज अंगणभर होता. “कुनदूस, खाऊ नकोस. नुसते दात उमटव. दात उमटले की झालं, मी विचारलं तुर्सुन एजेंना.”

मी दात उमटवले. पीठ तोंडात येऊ दिलं नाही. शून्य माप. बाक्तीगुलने तो नान ओढणीत गुंडाळला आणि छातीशी धरला. गाडीचं दार बंद होत होतं. माझ्याकडे श्वास थोडाच होता, पण हे सांगणं भागच होतं.

“बाक्ती,” मी म्हटलं, “तो खिडकीबाहेर टांगू नकोस.”